दहा ते वीस हजारांतला टॅब: खोक्यावर न छापलेल्या गोष्टी

दुकानात स्वस्तातला टॅब मागितला की तीन आकडे ऐकू येतात: रॅम किती जीबी, कॅमेरा किती मेगापिक्सेल, बॅटरी किती एमएएच. खोक्यावरही हेच ठळक छापलेलं असतं. पण दहा ते वीस हजारांच्या टप्प्यात कंपनीला कुठेतरी कात्री लावावीच लागते आणि ती लागते जिथे आकडा छापायची पद्धत नाही तिथे. पडद्याचे पिक्सेल, स्टोरेजची जात, व्हिडिओचा परवाना, प्रकाशाचा सेन्सर. दोन वर्षांनी टॅब कपाटात पडतो तो बहुतेक वेळा यांतल्याच एखाद्या कारणाने.

इथे वापर गृहीत धरलाय तो घरचा: मुलांचा अभ्यास, पीडीएफ, ई-पेपर, यूट्यूब, व्हिडिओ कॉल, थोडंफार टायपिंग. मोठे गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल तर या किमतीत शोधूच नका, पैसे साठवा.

आधी पडदा, आणि पडद्यावरचं अक्षर

बाजारात या किमतीत साधारण तीन प्रकारचे पडदे दिसतात. ८.७ इंच आणि १३४० × ८००, १०.१ इंच आणि १२८० × ८००, ११ इंच आणि १९२० × १२००. विक्रेता पहिल्या दोघांनाही बिनदिक्कत 'एचडी' म्हणतो. फरक कळायला एक साधा हिशेब पुरतो.

समजा तुम्ही एखादा शासन निर्णय किंवा क्लासच्या नोट्स उघडल्या. ए४ पान, १२ पॉइंटचा मजकूर. टॅब उभा धरून पान रुंदीला बसवलं तर ८.७ इंची पडद्याची रुंदी साधारण साडेचार इंच आणि ए४ची सव्वाआठ. म्हणजे पान ५४ टक्क्यांवर आलं आणि १२ पॉइंटचं अक्षर साडेसहा पॉइंटचं झालं. ११ इंची पडद्यावर रुंदी ५.८ इंच मिळते, पान ७० टक्क्यांवर येतं, अक्षर साडेआठ पॉइंटचं दिसतं. ते वाचता येतं, साडेसहाला मात्र डोळे बारीक करावे लागतात.

पिक्सेलचा हिशेब त्याहून बोलका आहे. ८.७ इंची पडद्यावर या मजकुराच्या एका ओळीच्या अक्षराला उंचीत जेमतेम १६ पिक्सेल मिळतात. १०.१ इंच १२८० × ८०० वर पान थोडं मोठं दिसतं, पण पिक्सेल तेवढेच, १६. ११ इंच फुल एचडीवर २४. इंग्रजी अक्षर १६ पिक्सेलमध्ये भागवून नेतं. मराठीला त्यातच शिरोरेषा, वरच्या वेलांट्या आणि रफार, खालचे उकार, मधली जोडाक्षरं बसवायची असतात. 'ष्ट' आणि 'ष्ठ', 'द्ध' आणि 'द्व' एकमेकांत मिसळतात ते इथेच. म्हणून १०.१ इंच १२८० × ८०० ही जोडी मराठी वाचणाऱ्याने टाळावी असं माझं स्पष्ट मत आहे. पडदा मोठा, अक्षर धुरकट. दुकानात तो उठून दिसतो, घरी आल्यावर त्रास देतो.

८.७ इंची टॅब मात्र बाद करू नका. गॅलेक्सी टॅब ए९ ३३२ ग्रॅमचा आहे, ११ इंची ए९ प्लस ४८० ग्रॅमचा आणि रेडमी पॅड एसई ४७८ ग्रॅमचा. पलंगावर पडून वाचणाऱ्याला, सांधे दुखणाऱ्या आजी-आजोबांना हे दीडशे ग्रॅम फार असतात. लहान पडद्यावर पीडीएफ वाचायची असेल तर समास कापणारं ॲप घ्या. रीडएरामध्ये ती सोय आहे. ए४च्या दोन्ही बाजूंचे एकेक इंचाचे समास कापले की उरलेली सव्वासहा इंचांची रुंदी साडेचार इंचांत बसते आणि अक्षर पुन्हा साडेआठ पॉइंटवर येतं. म्हणजे लहान टॅबवर ११ इंची टॅबएवढं अक्षर, एका सेटिंगच्या बळावर. स्कॅन केलेल्या, वाकड्यातिकड्या पानांना मात्र याचा उपयोग होत नाही, कारण दर पानाचे समास वेगळे असतात.

पडदा आयपीएस आहे की साधा टीएफटी, हे कागदावर न शोधता हाताने तपासा. पांढरं पान उघडा, टॅब हळूहळू चारही बाजूंना तिरका करा. एखाद्या बाजूने पान करडं किंवा पिवळट पडून अक्षरं उलटी उजळ दिसू लागली तर तो टॅब परत द्या. पडदा ९० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला नव्वद वेळा चित्र बदलणारा असेल तर पान सरकवताना मजा येते, पण केवळ त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

रॅम, 'वाढीव रॅम' आणि स्टोरेजची जात

४ जीबी ही आजची किमान पातळी. त्यात यूट्यूब, व्हॉट्सॲप, क्रोमचे चार-पाच टॅब निभावतात. एका बाजूला व्हिडिओ लेक्चर आणि दुसऱ्या बाजूला नोट्स असा दुभंगलेला पडदा रोज वापरायचा असेल तर ६ जीबी घ्या. ३ जीबीचा टॅब कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

'४+४ जीबी' असं लिहिलेलं असतं त्यातली दुसरी ४ जीबी ही रॅम नव्हे. स्टोरेजचा एक कोपरा रॅमच्या नावाने वापरला जातो. स्वस्त टॅबमध्ये स्टोरेज ईएमएमसी जातीचं असतं आणि ते रॅमच्या तुलनेत इतकं संथ की पाठीमागे गेलेलं ॲप परत आणताना टॅब अडखळतो. सेटिंगमध्ये ही सोय बंद करता येत असेल तर बंद करून आठवडाभर वापरून बघा, काही बिघडत नाही.

ईएमएमसीचा स्वभाव माहीत असला की बऱ्याच तक्रारींचा उलगडा होतो. त्यात एका वेळी वाचणं तरी होतं नाही तर लिहिणं तरी, दोन्ही एकदम नाही. यूएफएस जातीच्या स्टोरेजमध्ये दोन्ही एकदम चालतं. त्यामुळे मागे प्ले स्टोअर ॲप अपडेट करत असलं की पुढे काहीही उघडायला गेलात तरी टॅब गोठल्यासारखा होतो. लोक म्हणतात टॅब खराब झाला. खराब काही नाही, लिहिण्याचं काम संपेपर्यंत वाचणं थांबलंय. प्ले स्टोअरमध्ये ॲपचं आपोआप अपडेट बंद ठेवा आणि आठवड्यातून एकदा रात्री चार्जिंगला लावून हाताने करा. दुसरं, स्टोरेज ८५-९० टक्क्यांच्या पुढे भरू देऊ नका. मोकळे ब्लॉक संपले की दर नव्या नोंदीसाठी आधी जुनी जागा पुसावी लागते आणि वेग ढासळतो.

६४ जीबीच्या टॅबमध्ये यंत्रणा आणि आधीच टाकलेली ॲप्स वजा जाता हाती साधारण ४० जीबी उरतात. मुलांच्या लेक्चरचे व्हिडिओ डाउनलोड होणार असतील तर १२८ जीबी घ्या, किंवा मायक्रोएसडीची खाच आहे ना ते बघा. कार्डावर 'ए१' किंवा 'ए२' खूण असावी. कार्ड व्हिडिओ, फोटो आणि पीडीएफसाठी. ॲप्स त्यावर टाकायच्या भानगडीत पडू नका, बऱ्याच टॅबमध्ये ती सोयच नसते आणि असली तरी कार्ड गेलं की सगळं जातं.

प्रोसेसरबद्दल थोडक्यात. 'ऑक्टा-कोअर' या शब्दाला किंमत नाही, आठही कोअर जुन्या ए५३ जातीचे असू शकतात. चिपचं नाव विचारा. हेलिओ जी९९, स्नॅपड्रॅगन ६९५ किंवा ६८० असेल तर घरच्या वापराला पुरेसं आहे. युनिसॉक टी६०६ निभावून नेतो, पण ४ जीबी आणि ईएमएमसीच्या जोडीला तो आला की दोन वर्षांनी रडायला लागतो. चिपचं नावच कुठे दिलेलं नसेल तर विषय तिथेच संपवा.

व्हिडिओ धूसर का दिसतो

यूट्यूब झकास चालतं, पण नेटफ्लिक्स किंवा प्राइम लावलं की चित्र फाटकं. वायफायला शिव्या घालण्याआधी वाइडवाइनची, म्हणजे व्हिडिओच्या कुलपाची, पातळी बघा. ओटीटी कंपन्या चित्रपटाला कुलूप लावून पाठवतात आणि ते उघडण्याची सोय टॅबच्या चिपमधल्या सुरक्षित भागात असेल तर ती पातळी एल१, नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर एल३. एल३ वर नेटफ्लिक्स ४८० ओळींच्या पुढे जात नाही, तुमचं सदस्यत्व कितीही महागाचं असो. 'डीआरएम इन्फो' हे छोटं ॲप टाकलं की पातळी लगेच दिसते. नेटफ्लिक्सच्या ॲप सेटिंगमध्येही प्लेबॅकच्या तपशिलात ती लिहिलेली असते आणि तिथलं जास्तीत जास्त रिझोल्यूशनही वाचा, कारण एल१ असूनही नेटफ्लिक्सने त्या मॉडेलला एचडीची मान्यता दिलेली नसेल तर 'एसडी'च दिसतं. हा दोष नंतर कुठल्याही सेटिंगने जात नाही. ज्याला फक्त यूट्यूब आणि कीर्तन-प्रवचनं बघायची आहेत त्याने हा परिच्छेद सोडून द्यावा.

सिमचा की वायफायचा

घरात वायफाय असेल आणि टॅब घराबाहेर क्वचितच जाणार असेल तर सिमवाल्या मॉडेलचे दोन-तीन हजार जास्त देऊ नका. बाहेर मोबाइलचा हॉटस्पॉट चालतो. गावी ब्रॉडबँड नसेल, टॅब आई-वडिलांसाठी असेल आणि त्यांना रोज हॉटस्पॉट सुरू करायला सांगणं जमणार नसेल तर सिमचाच घ्या. त्यातही साध्या कॉलची सोय आहे की फक्त डेटा, हे विचारून घ्या. दोन्ही प्रकार विकले जातात.

वायफायच्या टॅबवर यूपीआय चालवायचा विचार असेल तर सोडा. यूपीआयची नोंदणी बँकेशी जोडलेल्या सिमवरून त्याच यंत्रातून एसएमएस पाठवून होते. वायफायच्या टॅबमध्ये सिमच नाही, म्हणजे नोंदणीच होणार नाही. काही बँकांची ॲप्सही हाच नियम लावतात. ब्राउझरमधून नेट बँकिंग मात्र चालतं, ओटीपी फोनवर येतो. व्हॉट्सॲपला सिम लागत नाही, फोनमधलं खातं क्यूआर कोडने टॅबला जोडता येतं.

वायफाय मॉडेल घेताना दोन गोष्टी वाचा. एक, वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा चालतो का. फ्लॅटच्या इमारतीत २.४ वर शेजारच्या पंधरा राउटरची गर्दी असते आणि टॅबला दुसरा मार्गच नसेल तर संध्याकाळी व्हिडिओ कॉल तुटतोच. दोन, जीपीएस आहे का. बऱ्याच वायफाय मॉडेलमध्ये ते नसतं, मग गाडीत नकाशासाठी टॅब लावायचा बेत फसतो.

कोणी सांगत नाही अशा बारीक गोष्टी

पुढचा कॅमेरा कुठल्या कडेला आहे ते बघा. तो आखूड कडेला असेल तर टॅब आडवा स्टँडवर लावून ऑनलाइन क्लासला बसलेलं मूल कायम बाजूला बघताना दिसतं. मेगापिक्सेलपेक्षा ही जागा महत्त्वाची. मागचा कॅमेरा कागद स्कॅन करण्यापुरता लागतो, त्यासाठी ऑटोफोकस असला की झालं. नसेल तर कागदावरची अक्षरं कधीच स्वच्छ येत नाहीत.

प्रकाशाचा सेन्सर नसेल तर दर वेळी उजेड हाताने कमी-जास्त करावा लागतो. बोटाच्या ठशाची सोय या किमतीत फारशी मिळत नाही, तिची अपेक्षा ठेवू नका. स्पीकर दोन असले तरी दोन्ही एकाच कडेला असतील तर आडवा धरल्यावर आवाज एकाच कानाला येतो.

बॅटरीचा आकडा बघताना चार्जिंगचे वॉट सोबत बघा. रेडमी पॅड एसईची बॅटरी ८००० एमएएच, म्हणजे साधारण ३१ वॉट-तास, आणि चार्जिंग १० वॉट. वाटेतली गळती धरून पूर्ण भरायला चार तासांच्या आसपास. गॅलेक्सी टॅब ए९ प्लसची ७०४०, चार्जिंग १५ वॉट, तिथे अडीच तासांच्या आसपास. घरातला ६७ वॉटचा मोबाइल चार्जर लावला म्हणून यात फरक पडत नाही, किती घ्यायचं ते टॅब ठरवतो. रात्रभर चार्जिंगला लावणाऱ्याला याने काही अडत नाही, शाळेतून येऊन लगेच टॅब मागणाऱ्या घरात मात्र अडतं. खोक्यात चार्जर आहे का, तेही विचारा.

लिहिण्यासाठी पेन हवा असेल तर सावध. दोन-अडीचशेपासून हजारापर्यंत मिळणारे 'कुठल्याही टॅबला चालणारे' पेन पडद्याला बोटच वाटतात. दाब कळत नाही आणि तळहात टेकला की तिथेही रेघ उमटते. गणितं सोडवायची किंवा सुबक नोट्स काढायच्या असतील तर त्या मॉडेलसाठी कंपनीने स्वतः पेन दिलंय का ते बघा. पडद्याची काच आणि खालचा डिस्प्ले यांत हवेची फट असलेल्या टॅबवर पेनाचं टोक एकीकडे आणि रेघ किंचित दुसरीकडे असं होतं. त्या फटीचा फायदा एवढाच की नुसती काच फुटली तर कधीकधी ती एकटी बदलून मिळते.

ऑफिसच्या फाइल्स येणार असतील तर आणखी एक. श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल टॅबवर अगम्य चिन्हांची रांग होऊन उघडते, कारण तो फाँट टॅबमध्ये नसतो. महागडा टॅब घेऊनही हे सुटत नाही. पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागवा किंवा युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या.

चार-पाच हजारांत '१२ जीबी रॅम, ५१२ जीबी'

असले टॅब ऑनलाइन बाजारात अनोळखी नावांनी सतत दिसतात. आत २ जीबी रॅम आणि ३२ जीबी स्टोरेज असू शकतं, सेटिंगमध्ये दिसणारा आकडा तेवढा बदललेला. अँड्रॉइडची आवृत्तीही तशीच खोटी दाखवता येते. ओळखायचं असेल तर सीपीयू-झेड ॲप टाकून चिप आणि रॅम बघा. स्टोरेजची खात्री फाइल्स कॉपी करूनच होते: खऱ्या क्षमतेपुढे कॉपी अडते किंवा आधीच्या फाइल्स उघडेनाशा होतात.

फसवणुकीपेक्षा मोठा धोका वेगळा आहे. बॅडबॉक्स २.० नावाचं प्रकरण २०२५ मध्ये उघडकीला आलं. गुगलचं प्रमाणपत्र नसलेल्या दहा लाखांहून अधिक अँड्रॉइड यंत्रांत, म्हणजे टीव्ही बॉक्स, टॅब, प्रोजेक्टर वगैरेंत, घातक सॉफ्टवेअर सापडलं आणि काहींत ते विक्रीआधीपासूनच होतं. फॅक्टरी रीसेटने ते जात नाही. त्यामुळे प्ले स्टोअरमध्ये जा, प्रोफाइलवरून सेटिंग्ज, तिथे 'अबाऊट' आणि प्ले प्रोटेक्टच्या प्रमाणपत्राची ओळ बघा. 'सर्टिफाइड' नसेल तर त्यात जीमेलही टाकू नका. खोक्यावर बीआयएसचा 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. नाव जुळलं पाहिजे.

मग घ्यायचा कुठला

अभ्यास आणि पीडीएफसाठी ११ इंच, १९२० × १२००, ६ किंवा ८ जीबी रॅम, १२८ जीबी. रेडमी पॅड एसई किंवा गॅलेक्सी टॅब ए९ प्लस या वर्गातला, किंवा त्यांच्यानंतर आलेलं मॉडेल. जुनं मॉडेल सवलतीत मिळत असेल तर ते बाजारात कधी आलं ते आधी शोधा. अपडेटची मुदत मॉडेल आलं त्या दिवसापासून मोजली जाते, तुम्ही घेतलं त्या दिवसापासून नाही. दुकानातल्या टॅबवरच सेटिंगमध्ये 'सिक्युरिटी अपडेट'ची तारीख बघता येते, ती वर्षभर जुनी असेल तर सवलत कशासाठी आहे ते कळलं. हातात धरून वाचायला, प्रवासाला आणि वयस्कर माणसासाठी गॅलेक्सी टॅब ए९ किंवा त्यानंतरचा ८.७ इंची टॅब.

नवा आयपॅड या हिशेबात बसत नाही, मार्च २०२५ मध्ये आलेला ए१६ चिपचा आयपॅड भारतात ३४,९०० रुपयांपासून होता. पण वापरलेला नवव्या पिढीचा आयपॅड चांगल्या अवस्थेत मिळाला तर वाचनासाठी तो नव्या स्वस्त अँड्रॉइडला मागे टाकतो. १०.२ इंच, २१६० × १६२०, आणि पडदा पानाच्या प्रमाणाच्या जवळचा. वरचंच ए४ पान त्यावर ७४ टक्क्यांवर बसतं आणि अक्षराला ३२ पिक्सेल मिळतात. आठव्या पिढीच्या (२०२०) मागे जाऊ नका, सातव्याला आयपॅडओएस २६ ही आयपॅडची २०२५ची यंत्रणा मिळालेली नाही.

वापरलेला कुठलाही टॅब घेताना मालकाला तुमच्यासमोर त्याचं गुगल खातं काढून मग फॅक्टरी रीसेट करायला सांगा, आयपॅड असेल तर 'फाइंड माय' बंद करून. खातं न काढता रीसेट केला तर टॅब जुन्याच मालकाचा पासवर्ड मागत बसतो. रीसेट झाल्यावर वायफाय जोडून सुरुवातीची सगळी पानं पार करा. 'हे यंत्र संस्थेच्या मालकीचं आहे' अशा अर्थाचा संदेश आला तर तो एखाद्या क्लासने किंवा योजनेत वाटलेला टॅब आहे. त्यात ॲप्सवर कुलूप असतं आणि ते दूरवरून पुन्हा लागतं. घेऊ नका.

पहिले सात दिवस

ऑनलाइन घेतलेला टॅब उघडताना खोक्याच्या सीलपासून सलग व्हिडिओ काढा. बऱ्याच ठिकाणी पैसे परत मिळत नाहीत, फक्त बदलून मिळतो, तोही ठरावीक दिवसांत आणि कधी सर्व्हिस सेंटरचं पत्र आणल्यावर. म्हणून तपासणी पहिल्याच दिवशी उरका. पूर्ण पांढरं, काळं, लाल चित्र लावून मृत पिक्सेल बघा. चित्रकलेच्या ॲपमध्ये कडेपासून कडेपर्यंत आडव्या-उभ्या रेघा ओढा, रेघ जिथे तुटेल तिथे टच मेलेला आहे. एकदा शून्यापासून चार्ज करून वेळ टिपा. अर्धा तास व्हिडिओ कॉल करा, समोरच्याला आवाज घोगरा येतो का विचारा. हेडफोनची खाच, कार्डाची खाच, चार्जिंगची पिन हलवून बघा. पिन सैल असेल तर ती पुढे आणखी सैलच होते.

बिल जीएसटीचं, त्यावर टॅबचा सिरियल नंबर लिहिलेला. दुकानदार कच्च्या बिलावर पाचशे कमी करतो म्हणाला तरी नको, वॉरंटीच्या वेळी तोच कागद मागतात. आणि घेण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या जिल्ह्यात सर्व्हिस सेंटर आहे का ते बघा. दर वेळी टॅब कुरियरने मुंबई-पुण्याला पाठवावा लागणार असेल तर दोन मॉडेलमधल्या हजार रुपयांच्या फरकाला अर्थ उरत नाही. बदलून द्यायला टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तक्रार नोंदवताना बिल, सिरियल नंबर आणि तो व्हिडिओ हाताशी ठेवा.